पॉझिटिव्ह राहण्याची सक्ती

आमच्या सोसायटीतल्या एका बाईंचा आजार उलटला. स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन, केमो, शेक, सगळं रीतसर झालं होतं. काही वर्षं बरी गेली आणि आता हाडांत निघालाय. जिन्यात ही बातमी सांगून वरच्या मजल्यावरचे काका पुढे म्हणाले, "त्या पहिल्यापासूनच जरा निगेटिव्ह हो. माणसानं मनावर घेतलं तर कॅन्सरसुद्धा पळतो."

म्हणजे आजार झाला तो झालाच, वर तो परत आल्याचा ठपकाही तिच्याच माथी.

केस जातात, मळमळतं, खर्चानं घर वाकतं, हे कुणाला सांगायला नको. भारतातल्या बायकांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. मला बोलायचंय ते भेटायला येणाऱ्यांविषयी. त्यांत दोन जाती असतात : धीर देणारे आणि धीर मागणारे. दुसऱ्या जातीचे पुष्कळ. "तू किती स्ट्राँग आहेस, तुला बघून आम्हालाच बळ येतं," असं म्हणून ते चहा पिऊन जातात, आणि हिनं दिवसभर जपून ठेवलेलं हसू त्यांच्यावर खर्ची पडतं. अमेरिकन कवयित्री ऑड्रे लॉर्ड १९७८ मध्ये स्तन काढल्यावर कृत्रिम स्तन न लावताच तपासणीला गेली. तो लावत चला, नाहीतर दवाखान्यातल्या मंडळींचं मनोधैर्य खचतं, असं तिला तिथल्या नर्सनं सुनावलं. लॉर्डनं १९८० च्या 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये हे लिहून ठेवलंय. छाती हिची कापलेली, आणि मनोधैर्य जपायचं दुसऱ्यांचं!

काकांशी मी वाद घातला. खरं तर त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा त्यांना ठाऊकच नव्हता, तो मीच पुरवला. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या मानसोपचारतज्ज्ञानं आजार पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी दीड वर्ष जास्त जगल्या होत्या. जगभर गाजावाजा झाला. पुढे २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला, आणि आयुष्य वाढल्याचं काही दिसेना. स्पीगलनं स्वतः पुन्हा करून पाहिलं, तेव्हा एकंदरीत त्यालाही ते दिसलं नाही. ब्रिटनमध्ये मॅगी वॉटसन आणि सहकाऱ्यांनी ५७८ स्त्रियांची पाहणी १९९९ मध्ये मांडली : लढाऊ वृत्तीचा जगण्यावाचण्याशी संबंध आढळला नाही. मनाचं मनापाशी, गाठीचं गाठीपाशी, असा निकाल मी देऊन टाकला. काका "असेल" म्हणून वर गेले.

पण वॉटसनच्याच निबंधात पुढे एक अडचण आहे. लढाऊपणानं फायदा नाही, हे खरं. मात्र ज्यांनी अगदी आशाच सोडली होती त्यांची पाच वर्षांतली गत इतरांहून वाईट होती. असं का, ते त्या पाहणीतून सिद्ध होत नाही. मला त्यात एक साधी वाट दिसते. अनेकींना हार्मोनची गोळी पाच, कधी दहा वर्षं रोज घ्यायची असते. तिनं अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, झोप उडते. कशालाच अर्थ नाही असं वाटणारी बाई ती गोळी निमूट बंद करते, आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

या सगळ्याचं माप घ्यायला डॉक्टरांकडे छापील प्रश्नावल्या असतात. युरोपात तयार झालेली एक तीस प्रश्नांची आणि तिला जोडून खास स्तनाच्या कर्करोगासाठी तेवीस प्रश्नांची. गेल्या आठवड्यात काळजी वाटली का, चिडचिड झाली का, हात सुजला का. शरीरसंबंधांविषयीही विचारतात. चांगलंच आहे. पण नवरा किंवा सूनबाई शेजारी बसून मोठ्यानं वाचतेय आणि बाई सांगेल तिथे खूण करतेय, अशा वेळी त्या प्रश्नाला कुठली बाई खरं उत्तर देईल? आणि काखेतल्या गाठी काढल्यावर सुजलेल्या हातात बांगडी मनगटाच्या अलीकडेच अडकते, ब्लाउजचं माप द्यायला शिंप्यासमोर उभं राहणं नको होतं, याला त्यात रकाना नाही.

तेव्हा काकांचं अर्धं मला मान्य करावं लागतंय : मनाचा संबंध आहे. चुकतं ते औषधात. खचलेल्या मनाला उपदेश लागू पडत नाही, उपचार पडतात. आणि या उपचारांनी आयुष्य वाढेल की नाही, हा हिशेबही मी आता सोडून दिलाय. कॅनडातल्या त्या गटात बसलेल्या स्त्रियांचं आयुष्य वाढलं नव्हतं, पण मनाचा त्रास आणि दुखणं कमी जाणवत होतं. तेवढ्यासाठी ते करायला हवं.

घरात अशी कुणी असेल तर पुढच्या तपासणीला जाताना झोप, रडू, गोळ्या बंद करावीशी वाटणं, हे स्वतःहून डॉक्टरांच्या कानावर घाला. नैराश्याची गोळी सुरू झाली तर कर्करोगाच्या आणि मनाच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं दाखवा. पॅरॉक्सेटीनसारख्या नैराश्यावरच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या गोळीच्या कामात अडथळा आणतात. बोलायला कुणीच नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.