मुक्काम पोस्ट रत्नागिरी

“पाणी किती लागेल?” भाट्याच्या काकूंनी पहिला प्रश्न हाच विचारला. कुठून आलात, किती दिवस राहणार, हे सगळं नंतर.

मी आणि माझी पत्नी वर्षभर चाकांवरच्या घरात फिरतो आहोत. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यात बसवलेले दोन बिछाने, छोटा ओटा, छपरावर सोलर आणि खाली शंभर लिटरची पाण्याची टाकी. कोल्हापूरहून आंबा घाट उतरलो, साखरपा, पाली, हातखंबा करत रत्नागिरीत आलो आणि खाडीवरचा पूल ओलांडून भाट्याला एका वाडीत, माडांच्या सावलीत गाडी लावली. दोन रात्रींचा मुक्काम.

“शंभर लिटर,” मी म्हटलं.

काकूंनी विहिरीकडे बघितलं. “वैशाख आहे हो. सगळी टाकी एकदम नका भरू. थोडी आत्ता, थोडी सकाळी. रात्रीत जरा चढतं पाणी.”

तोपर्यंत माझी समजूत अशी होती की आपण आपलं घर बरोबर नेतो, म्हणजे कुणाकडे काही मागत नाही. ती समजूत त्या विहिरीच्या काठावर गळून पडली. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. जांभा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात पोटभर पाणी पितो आणि खाडीला, समुद्राला देऊन मोकळा होतो. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून उपसा जास्त झाला तर खारं पाणी आत शिरण्याची भीती वेगळीच. काकूंच्या विहिरीतले शंभर लिटर म्हणजे त्यांच्या केळीचं आणि पोफळीचं एका वेळचं शिंपण. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलंच झालं. पण गाडी उभी करायला जागा मिळाली म्हणजे मुक्काम झाला असं मला आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी थिबा पॅलेसला गेलो. म्यानमारमधल्या मंडालेच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५च्या नोव्हेंबरात गादीवरून उतरवलं आणि मद्रासमार्गे १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. वाडा तयार झाला १९१०च्या सुमारास, म्हणजे राजाची जवळजवळ पंचवीस वर्षं इथल्या बंगल्यांत गेल्यावर. वरच्या मजल्यावरच्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडकीपाशी ही बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “घर बांधून दिलं त्या दिवशी त्याला कळलं असेल, आता परत जाणं नाही.” मला ते खरं वाटलं. कैद्याला वाडा बांधून देण्यात सन्मान असेलही, पण परतीची वाट त्या जांभ्याच्या चिऱ्यांनी बुजवली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच गेला. त्याची समाधीही इथेच आहे. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले.

याच गावात १८५६ मध्ये जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत, दोघे एकाच वेळी, एकाच सत्तेच्या हुकमाने. टिळक परत आले. राजाच्या मृत्यूनंतर राणी सुपयालतला १९१९ मध्ये जाऊ दिलं, तेही रंगूनला, मंडालेला नाही. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत आली आणि इथलीच होऊन गेली. मला या सगळ्या हकिकतीत तिचंच सगळ्यात जास्त वाटतं. ती पाच-सहा वर्षांची असताना इथे आणलेली. आईबापांच्या लेखी जी शिक्षा होती, तेच तिचं गाव झालं.

सावरकरांना १९२४ मध्ये येरवड्याहून सोडलं, ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही या अटीवर. ती अट १९३७ पर्यंत टिकली. त्या तेरा वर्षांत त्यांनी इथे अस्पृश्यता निवारणाचं काम केलं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशातून १९३१ मध्ये सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. सरकारने लादलेल्या मुक्कामातही माणूस त्या गावाच्या जगण्यात हात घालू शकतो, हे त्या देवळाच्या पायरीवर बसल्यावर जाणवतं.

ज्यांना इथून जाता येत नव्हतं त्यांची नावं पाट्यांवर आहेत. ज्यांना इथे राहता आलं नाही त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही. रत्नागिरीला मनिऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणत. घरटी एक तरी माणूस मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत, गावाला परत यायचा तो गणपतीला आणि शिमग्याला. काकूंच्या शेजारचं कौलारू घर वर्षातले अकरा महिने बंद असतं. अंगण मात्र स्वच्छ, कारण काकू ते झाडतात. “त्यांचं आहे, पण डोळ्यासमोर माझ्या आहे ना,” म्हणाल्या.

आणि पलीकडच्या आंब्याच्या बागेत, पत्र्याच्या शेडमध्ये, नेपाळहून आलेलं एक जोडपं. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी जाईपर्यंत राखण, फवारणी, काढणी, सगळं तेच बघतात. त्यांची खोली आमच्या गाडीएवढीच. एक चूल, दोन अंथरुणं, खिळ्याला टांगलेले कपडे. आम्ही दोघं हौसेने जसे राहतो तसेच ते पोटासाठी राहतात. एकेकाळी गिरणीतून रत्नागिरीला पैसे यायचे, आता रत्नागिरीच्या हापूसमधून नेपाळमधल्या कुठल्याशा घराला जातात.

आपल्याकडे पत्ता लिहिताना नावानंतर मु. पो. लिहितात. मुक्काम पोस्ट. सात पिढ्या एका घरात काढलेला माणूसही आपल्या गावाला मुक्कामच म्हणतो. लहानपणी हा शब्द मी शेकडो पाकिटांवर लिहिला, त्याचा अर्थ कधी मनात आला नाही. रत्नागिरीत आला. इथे कुणाला जाण्याची मुभा नव्हती, कुणाला राहण्याची. आम्हाला दोन्ही आहेत. किल्ली फिरवली की निघालो, आवडलं तर आणखी एक रात्र. याच्याएवढी श्रीमंती दुसरी नाही, आणि म्हणून ज्याला कधीही निघता येतं त्यानेच सगळ्यात जपून राहायला हवं. निदान आपण पितो ते पाणी कुठल्या विहिरीचं आणि आपलं सांडपाणी कुणाच्या मुळाशी जातं, एवढं तरी त्याला ठाऊक हवं.

आमचं गेलं ते काकूंच्या केळीच्या मुळाशी. पण त्याआधी त्यांनी भांडी घासायचा साबण मागून घेतला, बाटली हातात फिरवून वास घेतला आणि परत दिली. “हा नको. राख देते.” दोन दिवस ही राखेने भांडी घासत होती आणि एका तांब्यात विसळत होती. चार माणसांचा स्वयंपाक एका कळशीत उरकणाऱ्या आपल्या आईची तिला आठवण झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना टाकी भरायला पंप लावला. काकू आत भाकऱ्या थापत होत्या. पंपाचा आवाज किंचित पातळ झाला, मला तो कळलाही नाही, पण आतून हाक आली, “बंद करा, तळाला टेकलं.” साठेक लिटर झालं होतं. तेवढं पावस गावापर्यंत आणि त्याच्या पुढेही पुरेसं होतं.

पाइप गुंडाळताना त्या बाहेर आल्या, पिठाचे हात पदराला पुसत. अढीतले चार आंबे पेंढ्यासकट हिच्या ओटीत घातले आणि म्हणाल्या, “श्रावणात या एकदा. तेव्हा काठावर बसून हाताने पाणी घेता येतं.”