लूक सावकाश वाच, पोरी

तेर, जि. धाराशिव

चि. बाळ हिस,


तुझं पत्र परवा आलं. वर्गात लूककृत शुभवर्तमानाची पार्श्वभूमी शिकवायला लागले आणि तुझी झोप उडाली, असं तू लिहिलंस. हेरोद राजा इ.स.पू. 4 मध्ये वारला, क्विरीनियच्या वेळची नावनोंदणी इ.स. 6 मधली, मग दुसऱ्या अध्यायातल्या येशूच्या जन्माचा मेळ कसा बसवायचा, या काळजीनं तुला प्रार्थनेलाही बसवेना. वाचून माझा जीव कासावीस झाला. आधी सांग, वेळेवर जेवतेस ना? रात्र रात्र जागून असले हिशोब मांडत बसू नकोस गं. या एका नावनोंदणीवर मोठमोठ्या विद्वानांनी ग्रंथ लिहिले, तरी सगळ्यांना पटेल असं उत्तर निघालेलं नाही. तुला ते या सत्रात सापडलं नाही, म्हणून तुझा विश्वास खोटा ठरत नाही.

पण शिक्षक सांगतात ते कानाआडही करू नकोस. अडचण दिसली की ती अडचण म्हणूनच वहीत मांड. लूकनं पहिल्या चार ओळींत काय सांगितलंय ते पुन्हा बघ. आपण हे डोळ्यांनी पाहिलं, असं तो कुठेच म्हणत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून आलेलं, आधी इतरांनी लिहिलेलं, सगळं मुळापासून तपासून थियफिलासाठी नीट क्रमानं लिहितो, असं सांगतो. ज्या पुस्तकाची सुरुवातच शोध घेण्यापासून होते, त्याचा शोध घेताना तू का भ्यावंस? मला तुझ्या प्रश्नांची भीती वाटत नाही. भीती वाटते ती दुसरीच. त्या जाड पुस्तकांच्या नादात तू लूकबद्दल खूप वाचशील आणि लूक वाचायचा राहील.

इकडे सगळं ठीक आहे. सोयाबीन निघालं, भाव मात्र पडलेलाच. तुझ्या काकांच्या शेळीला दोन करडं झाली, अगदी काळीभोर. गेल्या आठवड्यात शाळेतली मुलं लामतुरे वस्तुसंग्रहालय बघायला आली होती, मीही त्यांच्याबरोबर आत गेले. रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी आयुष्यभर गोळा केलेली ती मातीची चित्रं, मणी, ती हस्तिदंती बाई बघताना तुझीच आठवण येत होती. पोरी, पार्श्वभूमी म्हणजे काही परक्या मुलखातली गोष्ट नव्हे. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात तगर नावाचं गाव आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. ते तगर म्हणजे आपलं तेर. इथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचला जायची आणि तिथून जहाजांनी रोमच्या साम्राज्यात. इटलीतल्या पाँपेई शहरावर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीची राख पडली, त्या राखेखाली आपल्या इथल्यासारखीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली आहे. लूकनंही त्याच शतकात, त्याच ग्रीक भाषेत लिहिलं. बहुतेक अभ्यासक त्याचं लिखाण यरुशलेमचं मंदिर इ.स. 70 मध्ये पडल्यानंतरचं मानतात, काही जण आधीचं. तिबिर्य कैसराच्या पंधराव्या वर्षाचा उल्लेख तू तिसऱ्या अध्यायात वाचशील, तेव्हा त्याच कैसरांच्या राज्यात आपल्या तेरणेकाठचं कापड विकलं जात होतं हे ध्यानात असू दे. म्हणजे ती माणसं तुला लांबची वाटणार नाहीत.

आता माझं एक ऐक. एखाद्या रविवारी उपासनेहून आलीस की दार लावून चोविसावा अध्याय संपेपर्यंत लूक एका बैठकीत वाच. टीका नको, टिपणं नकोत. मग दुसऱ्या दिवशी मार्क शेजारी ठेव. नासरेथच्या सभास्थानातली गोष्ट मार्कात सहाव्या अध्यायात येते. लूक ती उचलून चौथ्या अध्यायात, येशूच्या कामाच्या अगदी आरंभी ठेवतो, आणि यशयाच्या गुंडाळीचं वाचन त्यात घालतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. पुढे काय सांगायचं आहे ते तो दारातच सांगतो. विषय, आशय म्हणून तुम्हाला जे लिहायला लावतात ना, ते असं क्रम बघून हाताला लागतं. तयार याद्या पाठ करून नाही.

शोमरोन्याचंच घे. दहाव्या अध्यायातला दाखला लहानपणी शब्बाथ शाळेत तू नाटकात केला होतास, गाढव झाली होतीस, आठवतं? पण त्याच्या आधीचा नववा अध्याय आपण कधी वाचूनच दाखवला नाही. तिथे शोमरोन्यांचं एक गाव येशूला उतरू देत नाही आणि याकोब नि योहान रागानं म्हणतात, यांच्यावर आकाशातून अग्नी पाडू का. या दोन समाजांचं वैर जुनं. गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर यहुदी राज्यकर्ता हुर्कान यानं येशूच्या शंभरेक वर्षं आधीच पाडलं होतं. अशा गावानं दार लावलं, आणि पुढच्याच अध्यायात येशू जखमा बांधायला शोमरोनीच उभा करतो. हे कळल्यावर तो दाखला नुसता चांगुलपणाचा राहत नाही.

1993 च्या 30 सप्टेंबरला, किल्लारीच्या भूकंपानंतर, मी तुझ्या आजोबांबरोबर सास्तूरकडे गेले होते. तू जन्मायच्या कितीतरी आधीची गोष्ट. दगड-मातीच्या भिंती कोसळलेल्या, माणसं हातांनी दगड उपसत होती. ढिगाऱ्याखाली कोण आहे, कुठल्या आळीतलं, हे कुणी विचारत नव्हतं. पुढे शेड उभी राहिली, कुणाच्या शेजारी कोण राहणार ठरायला लागलं, तेव्हा ते विचारणं पुन्हा सुरू झालं. माझा शेजारी कोण, हा शास्त्र्याचा प्रश्न मला तेव्हापासून फार टोचतो. तो प्रश्न सगळं शांत झाल्यावर, सुखानं बसलेला माणूस विचारतो.

आणखी एक धागा धर, जेवणाचा. लूकमध्ये येशू सारखा कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायला बसलेला असतो. लेवीकडे, शिमोन परूश्याकडे, मार्था-मरीयेकडे, जक्कयाकडे, शेवटी अम्माऊसला. जक्कय जकातदारांचा मुखिया. निजामाच्या राज्यात एके काळी महसूल मक्त्यानं द्यायचे, मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरून वर लोकांकडून उकळायचे. रोमच्या राज्यातही जकातीचं असंच चाले, म्हणून लोक जक्कयावर थुंकत असतील तर नवल नाही. तरी त्याच्याच घरी मुक्काम. आणि चौदावा अध्याय वाचताना आपल्या आजीची आठवण ठेव. गावजेवणात तिला नि तिच्या माणसांना पंगत उठल्यावर, लांब बसवून वाढायचे. ती हे रडून सांगायची नाही, सरळ सांगायची. वाचता येत नव्हतं तिला, पण मोठ्या जेवणाचा दाखला कुणी वाचला की ती गरीब, लुळे, आंधळे या शब्दांवर मान हलवायची. तुझ्या शिक्षकांना हे सांग. तेही पार्श्वभूमीतच येतं.

भाषेचा कंटाळा आला असं लिहिलंस. ग्रीकची रूपं डोक्यात राहत नाहीत म्हणे. बाळ, पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात शेकडो बायकांचा संसार सांभाळत हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. खिळे जुळवायला तिथल्याच बायका होत्या. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, तोवर काम हातावेगळं केलं होतं. तू तर तरुण आहेस. रोज थोडं थोडं कर, पण सोडू नकोस.

आणि हे सगळं शिकून सुट्टीत इथे येशील, तेव्हा मंडळीतल्या म्हाताऱ्यांपुढे तारखांचे घोळ काढून त्यांना गप्प करू नकोस. त्यांनी विचारलं तर खरं तेच सांग, काही लपवू नकोस, पण त्यांच्या शेजारी बसून सांग. ज्ञानानं माणूस ताठ होतो याची मला सगळ्यात काळजी. रात्री प्रार्थना करताना मी तुझ्यासाठी तेवढंच मागते.

काकांबरोबर भूमचा खवा आणि ज्वारीचं पीठ पाठवते आहे. खवा खोलीतल्या मुलींना वाटून खा. पुढच्या पत्रात आठव्या अध्यायातल्या योहान्नाबद्दल लिही. धाकट्या हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको, वाड्यातली बाई, आपल्या पैशानं येशूची नि शिष्यांची सोय बघत गावोगाव फिरते. घरी तिला काय ऐकावं लागलं असेल? पुस्तकात काय दिलंय ते नको, तुला काय वाटतं ते लिही.

तुझी,
आत्या