गोत्र वेगळे असते तर?

आमच्या आजीला ‘शारदा’ नाटक आवडत नसे. गणेशोत्सवात गावच्या हौशी मंडळींनी ते बसवले, तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा होतो. सारे घर पाहायला गेले; आजी मात्र परतताना गप्प होती. ती स्वतः बाराव्या वर्षी छत्तिशीच्या बिजवराला दिलेली. तिला आपलेच दुःख आठवले असेल, असे वाटून आईने विषय वाढवला नाही. पण दुसऱ्या दिवशी वाती वळता वळता आजी मला म्हणाली, “का रे, त्या म्हाताऱ्याचं गोत्र वेगळं असतं, तर लागलंच असतं की लग्न!”

ज्यांनी नाटक पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी मुलगी द्यायला निघतो. कोदंड ते लग्न मोडतो. पण म्हातारा म्हातारा आहे, मुलगी रडते आहे, बापाने पैसे मोजून घेतले आहेत, यांपैकी कशानेही ते मोडत नाही. वधूवर सगोत्र निघतात, म्हणून मोडते. आजीच्या त्या प्रश्नाने मला पुढे साठ-सत्तर वर्षे छळले आहे.

नाटककार आपल्या काळाचे अपत्य असतो, असे आपण सहज बोलून जातो. गोविंद बल्लाळ देवलांच्या बाबतीत ते किती खरे आहे ते पाहा. हा मनुष्य बेळगावला शिक्षक होता, अण्णासाहेब किर्लोस्करांचा शिष्य, आणि पुढे नटांना तालीम देणारा नामांकित गुरू. नाटके एकंदर सात लिहिली. त्यांतली सहा संस्कृतावरून किंवा पाश्चात्त्य नाटकांवरून घेतलेली. कालिदास, शूद्रक, शेक्सपिअर, मोलिएर, सगळीकडून त्यांनी आणले. स्वतंत्र असे एकच, ‘शारदा’. म्हणजे ज्या एका नाटकासाठी त्यांनी दुसऱ्याचे पुस्तक उघडले नाही, ते त्यांना आजूबाजूच्या घरांत सापडले. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला होता. मुलीची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली एवढ्यानेच पुण्यात केवढे रणकंदन माजले! त्या धुरळ्यातच, 1899 साली इंदूरला, ‘शारदे’चा पहिला प्रयोग झाला. शारदेचे दुःख रंगभूमीवर मुलगी सांगू शकत नव्हती, तेही एका मुलाने लुगडे नेसून सांगायचे. (1929 च्या बालविवाहविरोधी कायद्याला लोक शारदा कायदा म्हणत, आणि तो या नाटकावरून आला असे अजूनही काहींना वाटते. ते नाव हरबिलास सारडा यांचे. पण गैरसमज गोड आहे, राहू द्यावा.)

अशा काळात देवलांनी भर मांडवात कोदंडाच्या तोंडून न्यायनीतीचे भाषण वदवले असते आणि केवळ तेवढ्याने लग्न मोडले असते, तर? प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या असत्या आणि घरी जाऊन म्हटले असते, नाटकातच होते असे. सगोत्रता मात्र कोणालाही नाकारता येण्यासारखी नव्हती. शास्त्र मानणाऱ्याला त्याच्याच शास्त्राने बांधले.

खाडिलकरांनी तरी दुसरे काय केले? ‘केसरी’त टिळकांच्या हाताखाली लिहिणाऱ्या माणसाने 1907 साली ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणला. कथा महाभारताची, पण कीचक कोण हे प्रेक्षकांना ठाऊक होते, आणि कर्झनसाहेब हिंदुस्थान सोडून गेले असले तरी सरकारलाही ते उमगले. 1910 साली नाटकावर बंदी आली. एकाने पुराणाचा आडोसा घेतला, दुसऱ्याने गोत्राचा. फरक इतकाच, की खाडिलकरांचा आडोसा सरकारने फाडला. देवलांचा मात्र लोकांनी खरा मानला. 1946 च्या कायद्याने सगोत्र विवाहावरची बंदी उठली. शारदेला ज्या दोराने वर काढले, तो सत्तेचाळीस वर्षांत तुटला.

मी हे न्यायाधीशाच्या आसनावरून लिहीत नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलीला एक स्थळ आले होते. मुलगा पितो, हे मला पक्के ठाऊक होते. पण बोलावे तर दोन घरांत वैर. मला थोडेफार ज्योतिष कळते असा घरात समज आहे, मी पत्रिका हातात घेतली आणि म्हटले, “नाडीदोष आहे, जमत नाही.” स्थळ मोडले. त्या रात्री मला शांत झोप लागली.

दोन वर्षांनी त्याच मुलीने स्वतः पसंत केलेला मुलगा घरी आणला. मुलगा सरळ, कष्टाळू. भावाने पत्रिका मागवल्या, आणि या वेळी नाडीदोष खरोखरच निघाला. मी म्हटले, “अरे, पत्रिकेत काय आहे?” भाऊ माझ्याकडे पाहतच राहिला. “दादा, तूच तर मागच्या वेळी...” पोरगी दाराशी उभी होती.

तेव्हापासून देवलांचा विचार करताना मला एक गोष्ट दिसते, जी आजीला दिसली नव्हती. गोत्र निघेपर्यंत देवलांनी प्रेक्षकांना भुजंगनाथाची, कांचनभटाची, त्या मध्यस्थ भद्रेश्वराची शिसारी आणलेली असते. लग्न मोडावे असे सारे थिएटर मनातून म्हणत असते. गोत्र ही फक्त बाहेर पडायची वाट. मी कोणाच्या मनात काहीच हलवले नव्हते. नुसते गोत्र काढले होते.

पुतणीचे लग्न पुढे झाले, पत्रिका जुळवून. बरे चालले आहे म्हणतात. भाऊबीजेला ती माहेरी येते, तेव्हा माझ्यासाठी आठवणीने अनारसे आणते. पहिल्या त्या पत्रिकेत दोष नव्हता, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.