कर्ता कोण, करण कोणते?

म्हातारपणी बोटे आखडली, मूठ वळेनाशी झाली, म्हणजे माणसाची चित्र काढण्याची हौस संपली काय? घरची मंडळी मायेनेच म्हणतात, "राहू द्या आता, आजोबा, हात थरथरतो, उगीच रंग सांडेल." आणि कुंचला फडताळात जातो. वाचकहो, ही माया म्हणावी की हिरावणूक, एवढाच आजचा प्रश्न आहे.

पाणिनीने कर्ता आणि करण निरनिराळे सांगितले आहेत. क्रियेत जो स्वतंत्र तो कर्ता. क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वाधिक उपकारक ते करण. कुऱ्हाडीने लाकूड तोडले, तर कुऱ्हाड करण. आता जरा बारकाईने पाहा. कुंचला करण हे कोणीही सांगेल, पण बोटे? अहो, तीही करणेच! निळा घ्यावा की तांबडा, रेघ कोठे थांबवावी, हे ठरवणारा तो कर्ता. करण झिजले तर ते सुधारून घ्यावे. त्यासाठी कर्त्याला रजा कशाला?

फ्रान्समधील चित्रकार रन्वार (१८४१–१९१९) यांची बोटे उतारवयात संधिवाताने वेडीवाकडी झाली, पुढे चाकांची खुर्ची आली. लोक सांगतात, ते कुंचला हाताला बांधून घेत. वस्तुतः हाताच्या पट्ट्या कातडी सोलू नये म्हणून असत. कुंचला दुसरे कोणी बोटांत अडकवून देई. १९१५ च्या एका चलच्चित्रात ते असे रंगवताना दिसतात. मोठ्या चित्राचे कापड रुळांवर गुंडाळलेले असे. हात जेथे पोचेल तेथे चित्रच सरकवून घेत.

कोणी शंका घेईल, मग चित्र कोणाचे, कुंचला देणाऱ्याचे का? नव्हे. देणारा रन्वार यांच्या इच्छेने हालत होता. रंग त्याने निवडला नाही, रेघ त्याने ठरवली नाही. तोही करणातच जमा.

आपल्या घरीही हे अवघड नाही. बारीक दांडी चिमटीत धरताना अंगठ्याच्या मुळाशी सांध्यावर फार ताण येतो. तिच्यावर सुती चिंधी किंवा स्पंज गुंडाळून ती जाड केली, की बोटे पुरती मिटावी लागत नाहीत आणि जोरही कमी लागतो. मूठच वळत नसेल, तर तळहाताभोवती रुंद, मऊ पट्टा सैलसर बांधून त्यात कुंचला खोवावा. हात कापत असेल, तर कोपर मेजावर टेकू द्यावे. रंगाचे भांडे जड बुडाचे घेऊन ओल्या फडक्यावर ठेवावे, म्हणजे सरकत नाही.

मात्र एक मर्यादा सांभाळावी. रांगोळीचेच पाहा. चिमूट सुटत नाही म्हणून आजीबाईंच्या हाती तोटीची बाटली दिली, तर रेघ त्यांचीच राहते. तयार नक्षीचा छापच दिला, तर वेल कोठे वळावी हे छापाने आधीच ठरवलेले असते. छाप वाईट नव्हे, त्यांनी मागितला तर खुशाल द्यावा. पण न विचारता दिला, तर सोय करता करता आपण त्यांचे कर्तेपणच काढून घेतले, असे होते.

तेव्हा दांडी केवढी जाड हवी, पट्टा कोठे रुततो, हे त्यांनाच विचारावे. रेघ वाकडी आली तर येऊ द्यावी. ती सरळ करायला आपला हात पुढे करू नये. पुसायची की ठेवायची, हे ज्याने काढली त्याने ठरवावे.