वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर?

दिवाळीच्या फराळात दोन जातींचे पदार्थ असतात. चकलीची भाजणी घरी करायला सवड नसेल तर ती बाजारातून आणता येते, आणि करणाऱ्या हाताला सवय असली तर पाहुण्याला फरक कळतही नाही. अनारशाचे तसे नाही. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजलेच पाहिजेत, रोज पाणी बदललेच पाहिजे, गुळात मळलेले पीठ मुरलेच पाहिजे. घाई केली की अनारसा तुपात हसतो आणि करणारी रडते. कशाची भाजणी विकत आणता येते आणि कशाचे पीठ मुरूच द्यावे लागते, हा भेद आपल्या आज्यांना स्वयंपाकघरात अचूक ठाऊक होता. शिक्षणाच्या बाबतीत मात्र तो आपल्या हातून निसटू लागला आहे की काय, अशी शंका मला अलीकडे येते.

या शंकेला निमित्त झाल्या आमच्या चितेगावातील दोन बहिणी. दोघीही माझ्या विद्यार्थिनी. चितेगाव हे संभाजीनगरहून पैठणला जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. एका अंगाला काळी जमीन, दुसऱ्या अंगाला कारखाने. थोरलीने रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केले आणि एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागली. धाकटीने बारावीनंतर नर्सिंगचा तीन वर्षांचा जी. एन. एम. अभ्यासक्रम पुरा केला. पुढे थोरलीचे कंत्राट संपले. धाकटी शहरातल्या रुग्णालयात रात्रपाळ्या करून घर चालवू लागली. अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सगळे थोरलीनेच केले होते. या कामाची तिला किळस नाही, उलट ओढ आहे. तिने चौकशी केली तेव्हा कळले की पदवी असली तरी बी. एस्सी. नर्सिंगला पहिल्या वर्षापासूनच बसावे लागेल. चार वर्षे, तीही बारावी होऊन आलेल्या मुलींच्या बाकावर.

ती मला म्हणाली, “सर, परदेशात पदवीधरांना दोन वर्षांत नर्स होता येतं. मग माझी तीन वर्षं पाण्यात गेली, असंच ना?”

मी मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला मास्तर. पदवीचे मोल मला बाहेरून पाहूनच ठाऊक. परंतु तिच्या प्रश्नातली अन्यायाची टोचणी कळायला पदवी लागत नाही. प्रश्न खराच आहे, आणि त्याला ‘नियम असा आहे’ एवढेच उत्तर देणे हे उत्तर टाळणेच होय.

तिची माहितीही खरी आहे. इंग्लंडात पदवीधरांसाठी दोन वर्षांचा परिचर्या अभ्यासक्रम आहे. अमेरिकेत तर असे वेगवान वर्ग साधारणतः अकरा ते अठरा महिन्यांचे असतात. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची उणीव होती. आपल्याकडचे दुखणे तर जुनेच. १९४६ साली भोर समितीने मोजदाद केली तेव्हा या देशात ४३ हजार माणसांमागे एक परिचारिका असे प्रमाण निघाले होते. शिवाय पदवीधर मुलगी वयाने काही वर्षांनी मोठी असते, वाचनाला सरावलेली असते आणि विचार करून या वाटेला आलेली असते. बी. एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शरीररचना व शरीरक्रिया यांच्या जोडीने इंग्रजी, समाजशास्त्र, मानसशास्त्र, जीवरसायन आणि आहारशास्त्र हेही विषय आहेत. त्यांतले काही आमच्या थोरलीने आधीच घोटलेले. ते तिने पुन्हा पहिल्यापासून का गिरवावेत?

हे सर्व मान्य करूनही माझे पाऊल अडते. का अडते ते सांगतो.

अभ्यासक्रम आखडला म्हणजे शिकायचा वेळ वाचतो, अशी आपली समजूत असते. पण वेळ दोन प्रकारचा असतो. पुस्तकाचा वेळ खरोखरीच वाचू शकतो, कारण जे एकदा कळले ते पुन्हा कळून घ्यावे लागत नाही. हाताचा वेळ वाचत नाही. खाटेवरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर कसे वळवावे, सापडत नसलेली शीर बोटाने कशी चाचपावी, ग्लानीत गेलेला आणि नुसता झोपलेला यांतला फरक दारातूनच कसा ओळखावा, हे कित्येक रात्री खर्चूनच येते. त्या रात्री अभ्यासक्रमातून वजा केल्या तर त्या नाहीशा होत नाहीत. पदवी मिळाल्यावर वॉर्डात त्या भराव्याच लागतात, आणि तेव्हा त्यांचा खर्च शिकणारीच्या खात्यावर पडत नाही. तो पडतो शेजारी काम करणाऱ्या जुन्या सिस्टरच्या खात्यावर, आणि ती थकलेली किंवा गैरहजर असली तर रोग्याच्या. वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर चढतो, हाच मला या प्रश्नातला नीतीचा मुद्दा वाटतो.

कोणी म्हणेल, ही नुसती मास्तरी कल्पना झाली. तर एक आकडेवारी पाहा. २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. परिचारिकांत पदवीधरांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी कमी दिसते, आणि एका परिचारिकेच्या वाट्याला एक रोगी जास्त आला की ती सात टक्क्यांनी वाढलेली दिसते, असे त्यात आढळले. पहिले वाक्य थोरलीच्या बाजूचे आहे. शिकलेली माणसे या कामात आलीच पाहिजेत. पण दुसरे वाक्य विसरून चालणार नाही. जिच्यावर दोन कच्च्या हातांची देखरेख आहे, त्या सिस्टरच्या वाट्याला कागदावर रोगी वाढलेले नसतात. तिचे लक्ष मात्र वाटले गेलेले असते.

आपल्या देशात वेळ आखडण्याचा एक मोठा प्रयोग होऊनही गेला आहे. खेड्यापाड्यांत बाळंतपणे करण्यासाठी १९५१ पासून ए. एन. एम. म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका तयार होऊ लागल्या. त्यांचे शिक्षण दोन वर्षांचे. १९७३ साली कर्तारसिंग समितीने त्यांना बहुउद्देशीय आरोग्य-सेविका करण्याची शिफारस केली. पुढे त्याच दशकात त्यांचे शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणले गेले. याचा अर्थ काय झाला तो पाहा. काम वाढले. लसीकरण आले, कुटुंबनियोजन आले, साथीच्या तापांच्या नोंदी आल्या. शिकण्याचा वेळ मात्र सहा महिन्यांनी घटला. बाळंतपणाच्या खाटेपाशी उभे राहण्याची सवय, जी या बाईची खरी विद्या, ती मागे पडत गेली. अखेर २०१२ च्या सुमारास अभ्यासक्रम पुन्हा दोन वर्षांचा झाला, आणि परत आलेले सहा महिने इंटर्नशिपचे, म्हणजे हाताच्या कामाचे होते. जे कापले होते ते तीन-साडेतीन दशकांनी परत जोडावे लागले. मधल्या काळाचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. तो खेड्यांतल्या बाळंतिणींनी भागवला असणार.

येथे फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव हटकून निघते. तिने १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे जेमतेम तीन महिने शिक्षण घेतले आणि १८५४ साली ती क्रिमियाच्या युद्धात गेली. मग इतरांना इतकी वर्षे कशाला? परंतु त्याच बाईने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शाळा उभारली तेव्हा शिकाऊ मुलींना तीन महिन्यांत मोकळे केले नाही. वर्षभर वॉर्डात राहून शिकायचे आणि नंतरही रुग्णालयाच्या नोकरीत काढायचे, असा तिचा नियम होता. आपल्याला जे थोडक्यात मिळाले त्यावर दुसऱ्यांचे प्राण टांगू नयेत, इतके शहाणपण तिच्यापाशी होते.

आपल्या महाराष्ट्राला याहून जवळचे उदाहरण आहे ते सावित्रीबाईंचे. १८९७ च्या प्लेगात आपले डॉक्टर चिरंजीव यशवंतराव यांच्या दवाखान्यात त्यांनी रोगी आणले, आणि एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन येताना स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. त्यांनी कोणता अभ्यासक्रम केला होता? कोणताच नाही. माणुसकीला प्रमाणपत्र लागत नाही, हे त्यांच्या मरणाने कायमचे शिकवले. पण त्यांनी रोगी नेला तो जाणत्या डॉक्टरकडे, हेही ध्यानात घ्यावे. कळवळा ही या कामाची पहिली पायरी. तेवढीच पुरेशी असती तर दवाखान्यांची गरजच उरली नसती.

संकटाच्या काळाची गोष्ट वेगळी. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर १८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने एक लाख लोकांना दोन-तीन महिन्यांत तयार करण्याची योजना सुरू केली. घरी शुश्रूषा, नमुने गोळा करणे, यंत्रसामग्री सांभाळणे अशी सहा प्रकारची कामे त्यांत होती. त्या योजनेत मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा प्रामाणिकपणा. या माणसांना ‘परिचारिका’ म्हटले नव्हते, मदतनीस म्हटले होते. आग लागली की शेजारीही बादली घेऊन धावतो, आणि धावलेच पाहिजे. म्हणून आग विझल्यावर त्याला अग्निशामक दलाचा अधिकारी कोणी नेमत नाही.

आता दोन बहिणींच्या घरात परत जाऊ, कारण तेथे या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. जी. एन. एम. झालेल्या नोंदणीकृत परिचारिकेला आपल्याकडे दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने बी. एस्सी. होता येते. म्हणजे आपल्याकडेही दोन वर्षांची जवळची वाट आहे, पण ती आधी हात आणि मग पुस्तक अशी. थोरली मागते ती आधी पुस्तक आणि मग हात अशी. कागदावर हिशेब सारखाच दिसतो. धाकटीची बारावीनंतर तीन आणि दोन मिळून पाच वर्षे, थोरलीचीही तीन आणि दोन मिळून पाच. परंतु धाकटीच्या पाचही वर्षांत रोगी आहे. थोरलीच्या पहिल्या तीन वर्षांत परीक्षानळी आहे. उद्या दोघी एकाच वॉर्डात, एकाच पदावर उभ्या राहिल्या तर त्यांना समान म्हणणे धाकटीला कसे वाटेल? मी हे तिच्यापाशी काढले तेव्हा ती रागावली नाही. ती म्हणाली, “ताई माझ्यापेक्षा हुशार आहे, सर. औषधाचं गणित ती माझ्याआधी करील. पण रात्री तीनला पेशंट बोलता बोलता गप्प झाला, तर कोणाला आधी हाक मारायची हे ताईला पुस्तकात सापडणार नाही. ते मला पण एकदम नाही आलं. मोठ्या सिस्टर मागे उभ्या होत्या म्हणून आलं.”

तिच्या या बोलण्यात मला वाट दिसते. १९१८ साली, पहिल्या महायुद्धात, अमेरिकेतील व्हॅसर कॉलेजात चारशेहून अधिक पदवीधर तरुणींना एका उन्हाळ्यात, सुमारे बारा आठवड्यांत, परिचर्येचे शास्त्रविषय शिकवण्यात आले. युद्धाची घाई होती, तरी त्यांना लगेच परिचारिका ठरवले नाही. त्यांना रुग्णालयांत पाठवले आणि तेथे दोन वर्षांहून अधिक काळ शिकायला लावले. पुस्तक आखडले, हात आखडला नाही. आजही युरोपात सर्वसाधारण परिचारिकेला किमान ४६०० तासांचे शिक्षण लागते आणि त्यातला निदान अर्धा भाग प्रत्यक्ष रोग्यांपाशी काढावा लागतो.

तेव्हा माझे मत असे की, थोरलीला चार वर्षे लावणे हा तिच्या पदवीचा अपमान आहे, आणि दोन वर्षांत सोडणे हा रोग्यावर अन्याय आहे. जे विषय तिने खरोखर केले आहेत ते परीक्षा घेऊन सोडून द्यावेत. एखादे वर्ष त्यात सहज वाचेल. वॉर्डातला मात्र एक तासही कमी करू नये. तिला शिकवणाऱ्या जुन्या सिस्टरच्या अंगावरचे रोगी तेवढ्या वेळापुरते कमी करावेत आणि त्या शिकवण्याचा वेगळा मोबदला द्यावा. आज ते शिकवणे फुकट धरले जाते. जे फुकट धरले जाते ते पहिल्यांदा वगळले जाते, हे शाळेत राहून मला चांगले ठाऊक झाले आहे. आणि वर्ग भरावा म्हणून ‘लवकर नोकरी’ची पाटी लावून मोठी फी घेण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होणार असेल, तर हा दरवाजा तूर्त बंद राहिलेला बरा.

यात थोरलीची मी मागितलेली तीन वर्षे कोठून यावीत, हा प्रश्न उरतोच. चोविसाव्या वर्षी तीन वर्षे म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने लग्नाचे वय, बापाचे थकलेले खांदे, धाकटीच्या पगारावर आणखी एक ताट. घाई तिच्या स्वभावात नाही, ती तिच्या परिस्थितीत आहे. म्हणून समाजाला जर परिचारिका हव्या असतील तर त्याने वर्षे कापू नयेत, वर्षांचा खर्च उचलावा. शिकत्या काळात पोटापुरते विद्यावेतन दिले तर दोन वर्षांच्या वाटेची निम्मी ओढ आपोआप कमी होईल. खर्च कोणी तरी करणारच आहे. तो सरकारी तिजोरीने उघडपणे करावा की खाटेवरच्या माणसाने नकळत, एवढेच ठरवायचे आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या एका निपचित सहकारिणीची १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली. २०११ साली तिचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा इतकी वर्षे खाटेवर असूनही तिच्या अंगावर बेडसोर नाहीत, असे नमूद झाले. त्या बेचाळीस वर्षांत किती जणी निवृत्त झाल्या असतील, किती नव्या आल्या असतील. प्रत्येक नवीला कोणा जुनीने उभे राहून दाखवले असेल, की हिला असे वळवायचे, पाठ अशी पुसायची. हे दाखवायला आणि पाहायला वेळ होता, म्हणून ते घडले.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण दिवे लावून फराळाला बसू तेव्हा धाकटीची रात्रपाळी असेल. तिच्या हाताखाली कोणी शिकाऊ मुलगी असेल, आणि वॉर्डात आपल्यापैकीच कोणाचा बाप, कोणाची आई. त्या मुलीला नीट शिकू द्यायला धाकटीला त्या रात्री उसंत मिळावी.