कुलूपबंद घरांचा गावनकाशा

सहभागी नियोजन हे माझं रोजीरोटीचं काम. पारावर रांगोळीने गावनकाशा काढून घ्यायचा, शिवारफेरी करायची, चिंचोके मांडून कामांचा क्रम लावून घ्यायचा. या साधनांवर माझा विश्वास आहे. अक्षर न येणारी बाई नकाशावर हातपंपाची जागा बरोबर दाखवते आणि चारचौघांत सरपंचांना दुरुस्त करते, हे मी पाहिलंय. तरीही बीड जिल्ह्यातल्या गावांत काम करताना स्वतःला जाब विचारावासा वाटतो.

ग्रामपंचायतींचे विकास आराखडे करण्यासाठी २०१८ साली सुरू झालेली ‘सबकी योजना सबका विकास’ मोहीम २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर अशी आखलेली होती. दिल्लीहून पाहिलं तर सोयीचे दिवस: पाऊस संपलेला, रस्ते कोरडे. पण इथे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, ते मार्च-एप्रिलपर्यंत. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ग्रामसभा आहे म्हणून कोणी थांबत नाही. आम्ही आराखडा करायला पोचतो तेव्हा वस्तीत कुलपं, म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लहान पोरं.

नकाशा काढणारा माणूस त्या वस्तीपाशी आला की बोटांनी एक गोल ओढतो. “हितं कुणी नाही आता, कोयत्यावर गेल्यात.” पुढच्या गल्लीतलं मात्र एकेक घर नावानिशी मांडतो. पुढे चिंचोके वाटले की सिमेंट रस्त्यापुढचा ढीग वाढत जातो. मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह हवं, हा विषय यादीतच नसतो, कारण तो काढणारं कोणी तिथे बसलेलं नसतं.

यातली खरी लाजिरवाणी गोष्ट वेगळीच आहे. आमच्याच साधनांत ऋतुमानाचा तक्ता असतो: कोणत्या महिन्यात काम, कोणत्या महिन्यात टंचाई, कोणत्या महिन्यात माणसं बाहेर. लोक तो चोख भरतात. कार्तिक ते फाल्गुन ‘बाहेर’चे खडे पडतात, मी त्यांचा फोटो काढते, आणि त्याच बैठकीत, त्या बाहेर असलेल्यांशिवाय, पुढच्या वर्षाचा आराखडा ठरवून घेते. रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३च्या पुस्तकात बाहेरून येणाऱ्यांच्या नजरेचे दोष मांडले: पक्क्या रस्त्यालगतचं तेवढं पाहणं, पुरुषांशीच बोलणं, कोरड्या ऋतूतच फिरकणं. प्रशिक्षणात हे मीच शिकवते.

मग थांबत का नाही? मुदत असते, मानधन गावागणिक मिळतं, वर अहवाल जायचा असतो. ही कारणं खरी आहेत, पण पुरती नाहीत. मला सुरळीत बैठकही आवडते. ऊसतोडीहून परतलेली तरुण मंडळी बसली तर भांडण होतं, मुकादमाचं नाव निघतं, ग्रामसेवक घड्याळ पाहू लागतात. कुलूपबंद घरं वाद घालत नाहीत. त्यांची गैरहजेरी मला परवडते. मला लोकांचा निर्णय हवा आहे की नुसती सही, हे इतकी वर्षं मी स्वतःला नीट विचारलेलं नाही.

निधीचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२पासूनच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित ठरवलेला होता. चिंचोके हातात देण्याआधी हे मोठ्याने सांगायला हवं. सांगितलं की खेळातली मजा कमी होते, म्हणून मी ते शेवटी सांगते. तेव्हा ढीग मोडावे लागतात, आणि ते मोडताना लोक माझ्याकडे पाहत नाहीत, एकमेकांकडे पाहून हसतात.

ग्रामसभा १ मे आणि १५ ऑगस्टलाही होतेच, आणि त्या दोन्ही तारखांना टोळ्या बहुधा गावात असतात. नकाशा आणि प्राधान्यक्रम तेव्हा करून ऑक्टोबरात फक्त मंजुरी घ्यायला कोणताही कायदा आड येत नाही. आड येते ती आमची सवय आणि मेच्या उन्हात पारावर बसायचा कंटाळा. माझ्या व्यवसायबंधूंनो, निदान ऊसतोडीच्या तालुक्यांत तरी पुढच्या खेपेला वैशाखातच चला.