चहाआधीचं एक मिनिट

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट लागतो. महाबळेश्वरपर्यंत सुमारे ४० किलोमीटर, आणि तेवढ्यात जवळजवळ १,३०० मीटरची चढण. गेल्या रविवारी हा घाट चढताना मी गाडीच्या स्क्रीनवर इंजिन ऑइलचं तापमान लावून ठेवलं होतं. गाडी छोटी, टर्बो पेट्रोल. महामार्गावर आकडा ९६ अंशांवर स्थिर होता. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गियरची ओढाताण सुरू झाली आणि तो १०५, ११०, ११६ असा चढत गेला. शेजारचा कूलंटचा काटा मात्र मध्यावरून तसूभरही हलला नाही.

त्या न हलणाऱ्या काट्यावर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दामच तसा ठेवलेला असतो. कूलंट थोडं कमी-जास्त तापलं तरी काटा मधोमध, म्हणजे चालवणारा उगाच धास्तावत नाही. ऑइलची खबर त्याला नसतेच. सकाळी गाडी काढली की काही मिनिटांत काटा मध्यावर येतो, आपण निर्धास्तपणे अॅक्सिलरेटर दाबतो, आणि खालचं ऑइल त्या वेळी पन्नास-साठ अंशांवर, अजून जाडच असतं. त्याला नीट तापायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. रोज दोन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत तर ते कधी पुरतं तापतच नाही. त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, आतच साठत राहतं. उष्णतेला आपण सगळेच भितो, पण थंड ऑइलवर टर्बोला जोर लावणं हाही इंजिनावर अन्यायच आहे.

ऑइलला मानवणारी पातळी साधारण ९० ते ११० अंश. चढणीला, भरल्या गाडीला १२० पर्यंत गेलं तरी चांगलं सिंथेटिक ऑइल ते सोसतं. १३० दिसू लागले की पाय हलका करावा, एसी बंद करावा आणि जोर न लावता गाडी चालती ठेवावी, म्हणजे वारा लागत राहतो. त्याच्याही वर आकडा चढतच राहिला तर पुढे रेटू नये. ढोबळ हिशेब असा, की दर दहा अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. म्हणजे १०० अंशांवर जे ऑइल जितकं टिकेल, ते १२० वर त्याच्या पाव काळच टिकेल. घाटात राहणाऱ्यांनी कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या आधीच ऑइल बदलावं, असं मला वाटतं ते यामुळेच. आणि पातळी तपासावी. चार लिटरांचं काम तीन लिटरांवर पडलं तर ते तीन लिटर जास्त तापणारच.

हे सगळं मी उशिरा शिकले. माझ्या आधीच्या गाडीचा टर्बो गेला, तेव्हा मिस्त्रींनी त्याला ऑइल पुरवणारी बारीक नळी माझ्या हातात दिली. तिचं तोंड काळ्या, टणक पपडीने बुजत आलं होतं. नखाने खरवडली तरी निघेना. ते म्हणाले, "ताई, हे तेलच आहे. जागच्या जागी करपलंय."

धुराबरोबर वाया जाणारी शक्ती कामाला लावण्याचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली घेतलं. टर्बोची करामत तीच, आणि त्याची यातनाही तीच. एका बाजूने पेट्रोल इंजिनाचा नऊशे अंशांच्या पुढे जाऊ शकणारा धूर अंगावर येतो, आणि मधला दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो. त्या दांड्याला आधार केसाहूनही पातळ अशा ऑइलच्या थराचा. तो थर सतत वाहता असतो. वंगणही तोच, उष्णता वाहून नेणाराही तोच. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, ऑइल जागीच अडकतं, आणि तापलेल्या लोखंडाची धग त्याच्यावर येते. आताच्या बऱ्याच गाड्यांत टर्बोभोवती कूलंट फिरतं, काहींत इंजिन बंद झाल्यावरही, त्यामुळे धोका बराच कमी झाला आहे. गावातल्या गावात हिंडून आल्यावर थांबून राहायची काहीच गरज नाही. पण चढण संपता संपताच किल्ली फिरवायला माझा हात आता धजत नाही.

प्रतापगडाच्या फाट्याजवळ, वाडा-कुंभरोशीला, टपरीसमोर गाडी उभी केली. शेवटचा थोडा पल्ला हळूच आले होते, तरी इंजिन तसंच चालू ठेवलं. मुलं उतरून पळाली. "ताई, गाडी चालूच राहिली!" चहावाल्याने हाक दिली. "असू द्या, भाऊ," मी म्हटलं, "एक मिनिट."

स्क्रीनवरचा आकडा तेवढ्या वेळात फारसा उतरला नाही. ११४ चा ११२ झाला, बस. तो आकडा खालच्या सगळ्या ऑइलचा. मी थांबले होते ती ज्या बोटभर दांड्यासाठी, त्याचं तापमान कुठल्याच स्क्रीनवर येत नाही. तिथे थंडावत असणार, एवढंच धरून मी बसून राहिले. मग किल्ली फिरवली. बॉनेटखाली लोखंड टिक् टिक् करत आवळत होतं, आणि चहा उकळायला आला होता.